डरहमचं लेगो कॅथीड्रल आणि लोकांच्या हातची कला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रकार नेमका काय आहे?

इंग्लंडच्या ईशान्येला वेअर नदी एका उंच कड्याला जवळजवळ पूर्ण वळसा घालते. त्या कड्यावर डरहमचं कॅथीड्रल उभं आहे. जुलै २०१३ मध्ये तिथे एक सोपी योजना सुरू झाली. एक पौंड द्या, लेगोचा एक ठोकळा घ्या आणि याच कॅथीड्रलच्या छोट्या प्रतिकृतीत तो स्वतःच्या हाताने बसवा. एक पौंड म्हणजे तेव्हाचे शंभरेक रुपये. शेवटचा ठोकळा बसला २०१६ च्या जुलैमध्ये. तोवर मॉडेलमध्ये तीन लाखांहून जास्त ठोकळे लागले होते आणि साधारण तेवढेच पौंड गोळा झाले होते. हिशेब इतका सरळ की मॉडेलच पावतीपुस्तक झालं.

मॉडेलची लांबी ३.८४ मीटर आहे. मूळ इमारत सुमारे १४३ मीटर लांब आहे, म्हणजे लांबीच्या हिशेबाने हा साधारण सदतिसावा हिस्सा.

कॅथीड्रल म्हणजे मोठं चर्चच ना?

नाही. ज्या चर्चमध्ये त्या प्रांताच्या बिशपचं आसन असतं ते कॅथीड्रल, मग ते आकाराने लहान असलं तरी चालतं. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे जुन्या गोव्यातलं से कॅथीड्रल. त्याचं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभा राहिलाच नाही. गोव्यातली चर्चेस आणि डरहमचं कॅथीड्रल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकाच वर्षी गेली, १९८६ मध्ये.

डरहमच्या इमारतीत एवढं काय आहे की लोकांनी तिची प्रतिकृती करावी?

या प्रश्नाला थोडा वेळ द्यावा लागेल, कारण हे नीट कळल्याशिवाय पुढचं सगळं नुसतं खेळणं वाटेल.

पाया घातला गेला ११ ऑगस्ट १०९३ रोजी, आणि मुख्य इमारत ११३३ पर्यंत उभी राहिली. चाळीस वर्षं. क्रेन नाही, सिमेंट नाही, हे लक्षात घेता वेग थक्क करणारा आहे. त्या काळी एवढ्या रुंद सभागृहावर छत घालायचे मुख्यतः दोन मार्ग होते. लाकडाचं छत, जे कधीही पेट घेऊ शकतं, किंवा दगडाची सलग जाड कमान, जिच्या वजनाने भिंती बाहेर फाकतात. डरहमच्या गवंड्यांनी तिसरा मार्ग धरला. आधी कर्णांवर एकमेकींना छेदणाऱ्या दगडी फासळ्या उभारायच्या आणि मग त्यांच्यामधली जागा तुलनेने पातळ दगडकामाने भरायची. याला रिब व्हॉल्ट म्हणतात. छताचं वजन फासळ्यांवरून ठरावीक खांबांवर उतरतं. आडव्या कमानी त्यांनी टोकदार केल्या, आणि टोकदार कमानीचा फायदा असा की रुंदी बदलली तरी उंची हवी तेवढी राखता येते. पुढे गॉथिक शैली म्हणून युरोपभर जे पसरलं त्याची अनेक बीजं इथे आहेत. सगळं पहिल्या फटक्यात जमलं असंही नाही. पूर्वेकडच्या भागाचं छत पुढे तेराव्या शतकात नव्याने घालावं लागलं.

पण माझ्या मते डरहमची खरी गंमत डोक्यावर नाही, डोळ्यांसमोर आहे. मधल्या दालनात एकाआड एक गोल खांब आहेत. प्रत्येक गोल खांब ६.६ मीटर उंच आणि त्याचा घेरही ६.६ मीटर. म्हणजे खांबाला गुंडाळलेली दोरी सोडून उभी धरली तर ती बरोबर खांबाएवढी भरेल. या खांबांवर खोल खाचा कोरल्या आहेत. कुठे नागमोडी पट्टे, कुठे शंकरपाळी, कुठे उभ्या पन्हळी, तर पूर्वेकडच्या भागात वर चढत जाणारे मळसूत्री पट्टे. दालनाच्या एका बाजूच्या खांबावर जी नक्षी, तीच समोरच्या खांबावर. बघणाऱ्याला वाटतं, आधी खांब उभा केला आणि मग कुणीतरी परांचीवर चढून छिन्नी चालवली. तसं झालेलं नाही. दगड खाली जमिनीवर ठरलेल्या साच्याने कोरले गेले आणि मग थरावर थर असे रचले की प्रत्येक खाच शेजारच्या दगडातल्या खाचेला जाऊन मिळावी. एक दगड चुकला तर पट्टा तुटणार.

म्हणजे साच्याने घडवलेले तुकडे जुळवून नक्षी उभी करायची, ही कल्पना डरहममध्ये लेगोच्या आधी आठशेहून जास्त वर्षं आहे. ही प्रतिकृती लेगोत करणं मला म्हणूनच समर्पक वाटतं. काडेपेट्यांची केली असती तर तो नुसता चिकाटीचा नमुना झाला असता.

पैसे कशासाठी हवे होते?

कॅथीड्रलला लागून मध्ययुगीन मठाच्या इमारती आहेत आणि इंग्लंडमध्ये अशा इमारती इतक्या धडपणे फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. त्यात भिक्षूंचं झोपायचं लांबलचक दालन आहे, ज्याचं ओक लाकडाचं छत बघत राहावं असं आहे, आणि अष्टकोनी स्वयंपाकघर आहे. या जागा दुरुस्त करून तिथे ‘ओपन ट्रेझर’ नावाचं संग्रहालय करायचं होतं. ते जुलै २०१६ मध्येच उघडलं. सातव्या शतकातल्या संत कथबर्ट यांच्या लाकडी शवपेटीचे अवशेष आणि त्यांचा सोन्याचा क्रॉस आता तिथे आहेत. संपूर्ण प्रकल्पाच्या खर्चापुढे लेगोचे तीन लाख पौंड ही छोटी रक्कम होती. मोठा पैसा अनुदानांतून आणि मोठ्या देणगीदारांकडूनच आला.

माझा ठोकळा कुठे बसवायचा हे मी ठरवू शकत होतो का?

नाही. आराखडा आधीच तयार होता. स्वयंसेवक जागा दाखवत, तिथे ठोकळा दाबून बसवायचा. आपला ठोकळा लाल असावा, शिखरावर असावा असला हट्ट चालणारा नव्हता.

इथे एक जुनी मांडणी उपयोगी पडते. अमेरिकेतल्या शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यांचा विषय नगरनियोजन होता, कला नव्हे. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसतं सामील करून घेतल्याचा देखावा असतो आणि सर्वांत वर निर्णय लोकांच्या हातात असतो. लेगो कॅथीड्रल या शिडीवर बरंच खाली बसेल. निर्णय एकही तुमचा नाही. पण फसवणूकही नाही, कारण सौदा पहिल्यापासून उघड होता: पौंड द्या, ठोकळा बसवा. आजकाल ‘सहभागी कला’ असा फलक लावून प्रेक्षकाला एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहायला सांगतात आणि त्याचं नाव सहनिर्मिती ठेवतात. त्यापेक्षा हे बरं.

मग याला समकालीन कला म्हणायचं की निधी गोळा करायची युक्ती?

माझं मत: मुळात युक्ती, आणि होता होता कलेच्या बरंच जवळ गेलेली.

लोकसहभागाच्या कलेत वस्तू दुय्यम असते आणि ती घडण्याची रीत मुख्य असते. त्या मापाने बघितलं तर इथे दोन गोष्टी घडल्या. एक, तीन वर्षं कॅथीड्रलमध्ये येणारा माणूस इमारतीचं बांधकाम अर्धवट अवस्थेत बघत होता. पूर्ण झालेली जुनी वास्तू आपल्याला एकसंध डोंगरासारखी दिसते. ती कधीतरी अर्धी होती, छताविना पावसात उभी होती, हे डोक्यात येत नाही. छोट्या मॉडेलच्या भिंती हळूहळू चढताना बघितल्या की ते कळतं. दुसरी गोष्ट, काम अनामिक राहिलं. डरहमच्या दगडांवर मध्ययुगीन पाथरवटांच्या खुणा आजही दिसतात. बाण, त्रिकोण, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. प्रत्येक कारागिराची खूण वेगळी, पण खुणेमागचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. लेगोच्या ठोकळ्यावर तर खूणही नाही. तुमचा ठोकळा तीन लाखांत कुठेतरी आहे, एवढंच.

कमी पडतं ते असं की मॉडेल मूळ इमारतीबद्दल नवा प्रश्न विचारत नाही, फक्त ती लहान करून दाखवतं. चांगली प्रतिकृती आणि चांगली कलाकृती यांतला फरक इथेच आहे.

चौकोनी ठोकळ्यांत ते गोल, नक्षीदार खांब कसे बसणार?

आकडेमोड करून बघा, मजा येते. लेगोच्या ठोकळ्यावरच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं आणि ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. डरहमचा गोल खांब साधारण २.१ मीटर जाड आहे. त्याचा सदतिसावा हिस्सा केला की साडेपाच-पावणेसहा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम सात उंचवटे. सात उंचवट्यांच्या रुंदीत गोलाई आणायची आणि त्यावर नागमोडी पट्टे फिरवायचे. जवळून पायऱ्या दिसतात, चार पावलं मागे गेलं की डोळा त्या पायऱ्या पुसून टाकतो. लेगोत बारीक काम करणारे लोक उभ्या ठोकळ्यांसोबत आडवे बसणारे तुकडे, चपट्या पट्ट्या, बाजूला उंचवटा असलेले ठोकळे वापरतात, ते याचसाठी. छताच्या फासळ्या त्याहून अवघड, कारण दगडी कमान स्वतःच्या वजनाने घट्ट होते, तर लेगोची कमान स्वतःच्या वजनाने सुटायला बघते.

लेगो सोडून या कॅथीड्रलमध्ये आणखी अशी कामं झाली का?

झाली, आणि कला म्हणून ती जास्त धीट होती. डरहममध्ये २००९ पासून ‘लुमिएर’ हा प्रकाशकलेचा उत्सव वर्षाआड भरत आला. नोव्हेंबरच्या काही रात्री अख्खं गाव आणि कॅथीड्रल कलाकारांच्या हाती दिलं जायचं.

२०१५ मध्ये मिगेल शेवालिए या कलाकाराने ‘कॉम्प्लेक्स मेशेस’ हे काम मधल्या दालनाच्या छतावर केलं. संगणकातून सतत बदलत जाणाऱ्या रंगीत जाळ्या त्या फासळ्यांवर प्रक्षेपित केल्या. त्रिकोण, चौकोन, बहुकोन ताणले जात, मोडत, पुन्हा जुळत. छत ज्या भूमितीवर उभं आहे तीच भूमिती त्यावर हलताना दिसली. एरवी लोक मान वर करून पाच सेकंद बघतात आणि पुढे जातात. फासळी कुठून निघते आणि कुठे उतरते हे तिच्यावरून एक रेघ सरकत गेली की जास्त नीट कळतं.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं काम २०२३ चं. राफाएल लोझानो-हेमर, जन्म मेक्सिको सिटीत १९६७ साली, राहणार मॉन्ट्रियल. त्यांचं ‘पल्स टोपोलॉजी’ कॅथीड्रलच्या आत मांडलं होतं. छतापासून हजारो दिवे वेगवेगळ्या उंचीवर टांगलेले, त्यामुळे खालून बघताना उलटे डोंगर आणि दऱ्या दिसतात. प्रेक्षक संवेदकासमोर येतो, यंत्र त्याची नाडी टिपतं आणि एक दिवा त्या ठोक्यावर लुकलुकू लागतो. हजारो दिवे, हजारो नाड्या, प्रत्येकीची लय वेगळी. नवा माणूस आला की त्याचा ठोका आत येतो आणि सर्वांत जुना ठोका बाहेर पडतो.

लेगोशी तुलना इथे करावीशी वाटते. लेगोत तुमचा वाटा टिकतो पण तो तुमचा म्हणून ओळखता येत नाही. दिव्यांत तुमचा वाटा अगदी तुमचा असतो, दुसऱ्या कुणाची नाडी तशी चालत नाही, पण तो काही वेळात पुसला जातो. ज्या इमारतीत संत कथबर्ट यांचे अवशेष इतकी शतकं जपले आहेत, तिथे हे पुसलं जाणं जास्त बोचतं. हे काम जगभर इतर ठिकाणीही लागलं आहे, पण ही जागा त्याला खास मानवली असं मला वाटतं.

पुठ्ठ्याची खोकी रचून भव्य इमारती उभारणारा कुणी फ्रेंच कलाकार आहे ना?

ओलिव्हिए ग्रोसतेत. चर्च, किल्ले, मनोरे, पूल असं बरंच काही तो खोक्यांतून उभं करतो. साहित्य दोनच, पुठ्ठ्याची खोकी आणि चिकटपट्टी. क्रेन नाही. आधी काही दिवस गावकऱ्यांबरोबर कार्यशाळा घेऊन कमानी, खिडक्या असे भाग तयार करतात. मग बांधकामाच्या दिवशी रीत उलटी: सर्वांत वरचा मजला आधी जमिनीवर जोडायचा, पन्नास-शंभर हातांनी तो उचलून धरायचा आणि त्याखाली पुढचा थर सरकवायचा. असं करत इमारत खालून वर वाढते. २०१८ मध्ये लिव्हरपूल परिसरात त्याने लोकांकडून सहा किल्ले असे उभे केले.

आणि शेवट? लोकच इमारत पाडतात. तिच्यावर उड्या मारतात, तुडवतात, पुठ्ठा पुनर्वापराला जातो. बांधायला आलेल्यांपेक्षा पाडायला उत्साह जास्त असतो. ‘एवढं सगळं करून मोडायचं?’ असं ज्यांना वाटतं त्यांनी दिवाळीच्या किल्ल्याची आठवण काढावी. आपल्याकडच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

देवाच्या घरात हे खेळ कशाला, असा आक्षेप कुणी घेत नाही का?

डरहमच्या लेगोपेक्षा मोठा वाद नॉरिचमध्ये झाला. तिथल्या कॅथीड्रलने ऑगस्ट २०१९ मध्ये मधल्या दालनात चक्क जत्रेतली गोल घसरगुंडी उभारली. त्या कॅथीड्रलच्या छतावर हजाराहून जास्त कोरीव दगडी गाठी आहेत आणि त्यांत बायबलातल्या कथा कोरल्या आहेत. खालून त्या नीट दिसत नाहीत. घसरगुंडीच्या माथ्यावर चढलं की त्या जवळून दिसतात, हा हेतू. त्याच उन्हाळ्यात रॉचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुलांच्या प्रतिकृतींमधून खेळायचं छोटं गोल्फ मांडलं होतं. दोन्हींवर भरपूर टीका झाली आणि दोन्हींकडे भरपूर गर्दीही झाली. घसरगुंडीची बाजू मला पटते, तिचं छताशी नातं आहे. गोल्फचं मात्र ओढूनताणून वाटतं.

डरहमपुरतं बोलायचं तर लोकांनी आपल्या हातचं काही घेऊन कॅथीड्रलमध्ये येणं तिथे नवं नाही. हा कोळसा खाणींचा जिल्हा. १८७१ पासून तिथे खाणकामगारांचा मेळावा भरतो, सध्या जुलैच्या दुसऱ्या शनिवारी. गावोगावच्या कामगार संघटना आपापली भलीमोठी रंगवलेली निशाणं घेऊन, ब्रास बँड वाजवत निघतात आणि दुपारच्या प्रार्थनेला काही निशाणं वाजतगाजत कॅथीड्रलमध्ये आणली जातात. नवं निशाण असेल तर त्याला आशीर्वाद मिळतो. खाणी बंद होऊन किती वर्षं झाली, निशाणं अजून नवी होतात. सहभागाच्या कलेवर चर्चासत्रं भरवणाऱ्यांनी एकदा हा मेळावा बघावा असं फार वाटतं.

इतर कॅथीड्रल्सनीही लेगोची कल्पना उचलली का?

हो. एक्झेटर, चेस्टर, बरी सेंट एडमंड्स इथेही पौंडाला एक ठोकळा या धर्तीवर मॉडेलं सुरू झाली.

बघायला जायचं तर कसं?

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून डरहमला रेल्वेने साधारण तीन तास लागतात. एडिनबरावरून येत असाल तर त्याहून कमी. गाडी गावाच्या उंच पुलावरून जाताना कॅथीड्रल खिडकीतून समोर दिसतं, सामान काढायची घाई तेव्हा करू नका. स्टेशनवरून चालत वीसेक मिनिटं, पण आधी उतार आणि मग दगडी फरशीचा चढ आहे, सोबत वयस्क मंडळी असतील तर बस किंवा टॅक्सी बरी. कॅथीड्रलमध्ये प्रवेशाला तिकीट नाही, देणगी ऐच्छिक. संग्रहालय आणि मनोऱ्याला पैसे पडतात. मनोऱ्याच्या पायऱ्या ३२५ आहेत, त्याही अरुंद. लेगोचं मॉडेल पूर्ण झाल्यावर कॅथीड्रलच्या परिसरातच ठेवलं गेलं, पण ते सध्या कुठे मांडलंय हे निघण्याआधी विचारून घ्या. रोजच्या प्रार्थनांच्या वेळी काही भाग बंद असतो. संध्याकाळच्या गायनाच्या प्रार्थनेला मात्र कुणीही बसू शकतं, आणि छतातून आवाज कसा फिरतो हे तेव्हाच कळतं.

आमच्या शाळेत किंवा सोसायटीत असं काही करायचं असेल तर?

लेगो विसरा, खर्च झेपणार नाही. पुठ्ठा घ्या. किराणा दुकानांतून एकाच मापाची खोकी मागून आणा. मापं वेगवेगळी आली की थर जुळत नाहीत, म्हणून आठवडाभर एकाच दुकानाशी बोलून ठेवा. इमारत जवळची निवडा, मुलांनी रोज बघितलेली: गावातला वाडा, वेस, स्टेशन, चर्च, मशीद, देऊळ, काहीही. आधी मुलांना घेऊन तिथे जा आणि दोरीने मापं घ्यायला लावा. खांबाचा घेर किती, कमान किती रुंद, पायरी किती उंच. निम्मं काम तिथेच होतं.

आराखडा मोठ्यांनी करून मुलांच्या हाती फक्त चिकटपट्टी देऊ नका. निदान एक भाग पूर्ण मोकळा सोडा, एखादी भिंत किंवा शिखर, आणि तिथे काय करायचं ते मुलांना ठरवू द्या. तो भाग वाकडा होईल, होऊ द्या. उंची मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर जाणार असेल तर उलटी रीत वापरा: वरचा भाग आधी करून सगळ्यांनी उचलायचा, शिडीवर कुणालाही चढवायचं नाही. मोकळ्या मैदानात असाल तर तळाच्या खोक्यांत वाळूच्या पिशव्या ठेवा, वाऱ्याला पुठ्ठा कागदासारखाच. पावसाळ्याचे चार महिने टाळा. आणि पाडायचा दिवस आधीच जाहीर करा, त्या दिवशी न बोलावताही सगळे येतात.